बाबारावाचा कूलर

या, बसा. उन्हातून आले, पहिले घोटभर पाणी घ्या आन् पाय पसरा. घाई असंन तं आज ऐकूच नका. थूल घराण्याच्या भांडणाइच्या गोष्टी तुम्ही आतापर्यंत लय ऐकल्या, वाटणीची ऐकली, कोर्टाची ऐकली. आज सांगतो ते साक्षगंध होय. सुलोचनाच्या मयुरीचं. त्या साक्षगंधात पोरीले जो आहेर आला, तसा आहेर आपल्या वर्धा जिल्ह्यात कोणाच्या पोरीले आला असंन तं मी गोष्टी सांगणं सोडून देतो.

पहिले गल्ली ध्यानात घ्या. लहानू आज्यानं जवा जागेची वाटणी केली तवा गावात नळ नव्हता, सगळं गाव विहिरीवर. मोठ्या पोराले, बाबारावाले, त्यानं उताराच्या वरची जागा देल्ली, बंडूले मधली, आन् धाकट्याले सगळ्यात खालची, कारण खाली चिंचेची सावली होती आन् धाकटा लाडाचा होता. मंग टेकडावर टाकी झाली, वरून खाली पाइप आला, आन् लाडाचं पोरगं पाण्याच्या शेपटीले गेलं. पुढं ते पोरगंही अटॅकनं गेलं. मागं राह्यली त्याची बायको सुलोचना, लेक मयुरी, आन् अंगणात एक नळ. नळाच्या तोंडाले सुलोचनानं पाणी गाळाले चिंधी बांधली होती. ते चिंधी कित्येक वर्षं कोरडीच होती.

पाणी काऊन येत नाई, हे गल्लीतल्या कुत्र्यालेही माहीत होतं. बाबारावानं नळाले मोटार लावली होती. सकाळी टाकीचं पाणी सुटलं का त्याच्या मोरीतून घुर्रर्र सुरू. कोणी विचारलं तं बाबाराव म्हणे, कूलर हाय. पंचायत समितीतून बाबू म्हणून रिटायर झालेला माणूस, तो खोटंही सही-शिक्का मारल्यावाणी बोले. मे महिन्यात कूलर, समजलं. पण डिसेंबरात लोकं शेकोटीपाशी दात वाजवत बसलेले असत, आन् बाबारावाचा कूलर चालूच.

वरचा वढते म्हणून बंडूजीनं लावली, त्याच्याहून जोराची. बंडूजीचं बिछायत केंद्र. मंडप, गाद्या, माइक, जनरेटर सगळं त्याच्याकडे. तो म्हणे, जनरेटर तपासून राह्यलो. मंग मधल्या बाकी घराइनंही लावल्या. कोणाकडे मिक्सर चाले, कोणाकडे शिलाई मशीन. मोटार मात्र अख्ख्या गल्लीत एकाकडेही नव्हती.

बाबारावाचा पोरगा रुपेश वर्ध्याले एका संस्थेत लागलता, पाणी-स्वच्छतेच्या कामावर. एक डाव त्यानं विहारात सभा घेतली. भिंतीवर हा एवढा कागद लावला आन् त्याच्यावर गोल काढले. एका गोलातून दुसऱ्या गोलाले बाण. याले सिस्टम म्हणतात, म्हणे. सरकार, ग्रामपंचायत, जमिनीखालचं पाणी, बाया, लेकरं, संडास, नाली, सगळ्याइले त्यानं गोलात बसवलं आन् सांगतलं का सगळं एकमेकात अडकलं हाय, एकानं आपल्यापुरतं पाह्यलं का सगळ्याइचं बिघडते. लोकाइनं माना हलवल्या, आलुपोहे खाल्ले. बाबारावानं अध्यक्ष म्हणून भाषण केलं का समान पाणी हा आपला हक्क हाय, अन् त्याच्यासाठी आपण रस्त्यावर उतरू. दुसऱ्या दिवशी सकाळी उतारावरून घुर्रर्र. सुलोचनानं मयुरीले इतकंच म्हटलं, "पोट्ट्यानं गोल चांगले काढले बाई. बापाचा तेवढा काढाचा राह्यला."

तं असं चालू असताना मयुरीले आष्टीकडचं स्थळ आलं. मयुरी तालुक्याच्या दवाखान्यात नर्स, पोरगा राकेश शाळेवर मास्तर. दोघं एकमेकाले पसंत, बोलणी झाली, एप्रिलातला रविवार ठरला. आन् साक्षगंध कुठं कराचं यासाठी बैठक बसली बाबारावाच्या ओसरीत.

भासऱ्यानं धाकट्या भावजयीसंग समोरासमोर बोलाचं नाई, हा जुना रिवाज. बाबारावानं बाकी सगळे जुने रिवाज भाषण करू करू सोडले, हा तेवढा धरून ठेवला, कारण हा सोयीचा होता. समोरच्याचं ऐकावं लागत नाई. सुलोचना हाताच्या अंतरावर बसली होती आन् तो आपल्या बायकोले, देवकाबाईले, सांगे.

"तिले म्हणा, साक्षगंध इथं होईन. पाणी इथं हाय."

सुलोचनाही देवकाबाईकडेच पाहून बोलली. "बाई, भाऊजीले म्हणा, पाहुणे पोरीच्या दारी येतात."

"तिले म्हणा, पाहुण्याइले हातपाय धुवाले काय चिंचेचा पाला देशीन?"

नवरा गेल्यापासून सुलोचनाच्या घरचं सगळं या ओसरीत झालतं. नवऱ्याचं पुण्यानुमोदन इथं, मयुरीच्या नर्सिंगच्या निकालाचे पेढे इथं. दर वेळी पाणी नाई म्हणून. आन् दर वेळी पुढचं वर्षभर बाबाराव चावडीवर सांगे का धाकट्याच्या मागं सगळं मीच केलं. अंगणवाडीत खिचडी शिजवू शिजवू तिनं पोरगी उभी केली, हे कोणी सांगे ना. आता एवढी एक गोष्ट तिले पाहिजे होती. मयुरीचं साक्षगंध तिच्या स्वतःच्या अंगणात, चिंचेखाली. बस. बाकी जे म्हणसान ते.

शेवटी बंडूजीनं तोड काढली. रविवारी दहाच्या आत सुलोचनाच्या अंगणात पुरेसं पाणी असलं तं मंडप खाली. नसलं तं वर. आन् तोपर्यंत बांबू, कनात, गाद्या सगळं त्यानं आपल्याच घरापुढं रचून ठेवलं, अध्यामध्यात. बंडूजी असाच होता. तो कोणाचाच नव्हता म्हणून सगळ्याइचा होता.

आता गंमत पाहा. त्याच आठवड्यात देवकाबाई मागच्या दारानं खाली आली. म्हणे, "सुलोचना, तुह्या भासऱ्याले सांगजो नको. मी एक डराम भरून पाठवतो तुले." ती गेली तं बंडूजी आला, म्हणे भाऊले माहीत नको, दोन डराम माह्याकडून. मधल्या घरच्या बायाही येऊन कानात सांगून गेल्या. सगळ्याइले सुलोचनाची दया आलती. खुद्द बाबारावानंही मनात ठरवलं होतं का मंडप खाली गेलाच तं आपलं पाणी बैलगाडीवर हार घालून न्याचं, म्हणजे लोकाइले दिसंन का पाणी कोणाचं. टाकीवरच्या माणसाले जुन्या वळखीनं सांगून ठेवलं, रविवारी पाणी दुपारपर्यंत चालू ठेव.

आन् सुलोचना? तिनं कोणावरच भरोसा ठेवला नाई. ती हिंगणघाटले गेली आन् मोटार घेऊन आली. शालीत गुंडाळून, मांडीवर घेऊन बसली एसटीत. कंडक्टरनं विचारलं, लेकराचं तिकीट काढता का. ती म्हणे, लहान हाय अजून.

रविवार उजाडला. पाणी सुटलं. आन् गल्लीतला एक-एक जण, सुलोचनाच्या मायेनं, तिच्यासाठी डराम भराले, एकाच वक्ती आपापल्या मोटारीचं बटण दाबून बसला. वरून बाबाराव, मधून बंडूजी, बाकीचे, आन् शेपटीकडून खुद्द सुलोचना. इतका घुर्रर्र त्या गल्लीनं कधी ऐकला नव्हता. पाइपात पाणी जेवढं येत होतं त्याच्या कितीतरी जास्त वढणारे झाले. पाइप कोरडा पडला, तरी मोटारी वढूनच राह्यल्या.

आता पाइप काही हवेत लटकत नाई. बंडूजीच्या घरापुढं तो नालीतून जाते, आन् तिथं त्याचा जोड ढिला. आन् त्या नालीत बाबारावाच्या संडासाच्या टाकीचा पाइप सोडलेला. शोषखड्डा खोदाचा होता, पण खोदाले कोणाले वेळ होता. रोजच्याले पाणी जोडातून बाहीर गळे, तं कोणी पाहे ना. त्या दिवशी मोटाराइनं उलटं केलं. नालीचं आत वढलं.

सुलोचनाच्या मोटारीनं पहिले शिंकल्यावाणी केलं, मंग बकेटीत काळं पाणी टाकलं. मयुरी आरशापुढं केस विंचरून राह्यली होती, ती वासानंच बाहीर आली. बकेटीत वाकून पाह्यलं.

"आई, हे कोणाच्या तोंडाले लावजो नको. हे नळाचं नोहे, नालीचं होय."

सुलोचनानं मोटारीचा पाइप नळातून उपटून टाकला आन् मोटार खाटेखाली ढकलली. घाईत बटण बंद कराचं राह्यलं. खाटेवर चादर वढली, तवर वरून वरात याले लागली. डरामाइची.

पहिला आला बाबारावाचा. बैलगाडीवर, झेंडूचा हार घातलेला, वर ताट झाकलेलं. मंग बंडूजीचे दोन. मंग मधल्या घराइचे. सगळे डराम झाकलेले आन् कोणी झाकण उघडाले तयार नाई. कोणी वरून गुलाबजल शिंपडलं होतं, एकानं तं अगरबत्ती लावून ठेवली होती. मयुरीनं एक-एक झाकण काढलं आन् एक-एक परत ठेवलं.

तिनं विचारलं, हे पाणी कुठून आणलं. आता सांगाचं काय? नळाले असं काळं पाणी फक्त मोटारवाल्याले येते, बिनमोटारवाल्याले काहीच येत नाई. ज्यानं म्हटलं का माह्या नळाले घाण आली, तो कबूल झाला. म्हणून सगळे एकमेकाच्या डरामाकडे पाहून नाक दाबून राह्यले आन् आपला तेवढा चांगला म्हणत राह्यले. बंडूजी म्हणे, भाऊच्या डरामाच्या वासानं माह्याले वास लागला.

बाबाराव देवकाबाईले म्हणे, "तिले म्हणा, दहा वाजून राह्यले. मंडप वर घेतो."

देवकाबाई जन्मात पहिल्यांदा नवऱ्याचा निरोप अडवून उभी राह्यली. "वर नेऊन काय दाखवसान पाहुण्याइले? आपल्या नळाले काय अत्तर येऊन राह्यलं? सकाळपासून वास मी घेऊन राह्यलो, तुम्ही नाई."

इतक्यात गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. आष्टीचे पाहुणे, दोन गाड्या भरून. बंडूजीनं घाबरून मंडपाचा एक बांबू वरच्या बाजूले उचलला, मंग खाली ठेवला, मंग परत उचलला. सुलोचना चिंचेखाली पाणी भराच्या रिकाम्या गुंडापाशी उभी होती. सगळं हातचं गेलं, असं तिले वाटलं. आता पाहुण्याइले म्हणावं लागंन, चला वर, भाऊजीच्या घरी. वरही काही नाई, तरी वरच.

आन् लाइट गेली.

पंखे थांबले. मिक्सर थांबले, मशीनी थांबल्या, जनरेटर तपासणं थांबलं, बाबारावाचा कूलर थांबला. गल्ली अशी चूप झाली का चिंचेवरचा पक्षी ऐकू येईन. त्या चुपचापीत सुलोचनाच्या मागं काहीतरी खोकललं. नळ. पहिले हवा, मंग गढूळ, काळं, मंग मातकट. आन् मंग नितळ पाणी, तिच्या इतकी वर्षं कोरड्या राह्यलेल्या चिंधीतून, मनगटाएवढी धार. कोणी वढत नव्हतं, म्हणून उतारानं आपोआप खाली आलं.

रुपेश धारेकडे पाहे आन् मंग वर आपल्या घराकडे पाहे. कागदावर न काढलेला गोल त्याले आता चांगला दिसून राह्यला होता.

मयुरीनं पहिलं बरंच पाणी वाहू देल्लं. मंग म्हणे, हातपाय धुवाले, भांड्याले चालंन, प्याले आन् सैपाकाले कॅन मागवा. बंडूजीनं बांबू खांद्यावर घेतले आन् सरळ खाली आला, कोणाले न विचारता. मंडप चिंचेखाली लागला. जनरेटर या वक्ती खरंच तपासून माइक चालू केला. वंदना झाली, पंचशील झालं, राकेश-मयुरीनं अंगठ्या घातल्या. सुलोचनानं तोंडाले पदर लावला. तिचं अंगण, तिची पोरगी.

मंग पंगती आधी राकेशची आई, सुमित्राबाई, हात धुवाले नळावर बसली. हाताले साबण लावला, कोपरापर्यंत फेस केला. आन् लाइट आली.

सगळ्याइचे बटणं चालूच होते ना. उतारावरून एकदम घुर्रर्र आला आन् नळाची धार बारीक झाली, थेंब झाली, गेली. सुमित्राबाई फेसाचे हात वर करून बसली. आन् सगळ्यात जवळचा घुर्रर्र होता खाटेखालून. ज्या खाटेवर नवरदेवाचे मामा बसले होते ते दचकून उठले.

"बाई, हा कायचा आवाज होय?" सुमित्राबाईनं विचारलं.

सुलोचनाच्या जिभेवर शब्द तयार होता. कूलर. तीन अक्षरं, तोंडातून निघाले का सुटली. अख्खी गल्ली तिच्याकडे पाहून राह्यली होती, आन् बाबारावानं तं डोळ्यानंच सांगतलं, म्हण. तिनं वर पाह्यलं, मंग फेसाच्या हाताकडे. मंग वाकली, बटण बंद केलं आन् खाटेखालून मोटार वढून बाहीर काढली.

"मोटार होय. मी चोरून लावली, आजच. पाणी काही आलं नाई, नालीचं आलं."

तिनं ते मोटार पदरानं पुसली आन् आहेराच्या टेबलावर, साड्या आन् स्टीलच्या डब्ब्याइच्या मधात नेऊन ठेवली. आपल्याकडे आहेर माइकवर पुकारतात, तुम्हाले माहीतच हाय. त्या दिवशी माइक रुपेशच्या हाती होता. ती त्याले म्हणे, "पुकार बाबू. मयुरीच्या मायकडून एक मोटार. आन् सांग का आज या घरी साडी नको, डब्बा नको. ज्याले मयुरीसाठी काही द्याचं असंन त्यानं हेच द्यावं."

रुपेशनं पुकारलं. गल्लीत कोणी हललं नाई. पण बंडूजीचा जीव वर-खाली होऊन राह्यला होता. पाहुण्याइपुढं बिछायत केंद्राचं नाव, आन् अजून पुकारा नाई. तो उठला, धावत गेला आन् आपली घेऊन आला. म्हणे, नुसती मोटार नको म्हणू, फिटिंगसहित म्हण. रुपेशनं म्हटलं, बंडूजी थूल, थूल बिछायत केंद्र, मोटार फिटिंगसहित. पाहुण्याइकडून टाळ्या पडल्या.

टाळ्या पडल्यावर कोण थांबते. शिलाई मशीन आली, मिक्सर आले. एक जण तं दोन घेऊन आला, एक संडासाच्या नळाची. ज्या माणसाइनं कधी कोणाले बकेटभर पाणी देल्लं नाई, ते आपलं नाव दोन डाव पुकार म्हणून रुपेशच्या मागं लागले. टेबल पुरलं नाई, सतरंजीवर रचल्या.

मंग राह्यला बाबाराव. पहिल्या खुर्चीत, समाजाचा अध्यक्ष. लहान्या भावाचा आहेर झाला आन् मोठ्याचा नाई. रुपेशनं माइक तोंडाशी धरला. "बाबाराव लहानूजी थूल यांच्याकडून..." म्हटलं आन् थांबला. बापाकडे पाहात राह्यला. माइकमधून फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता. आन् उतारावर, एकटाच, कूलर चालू होता.

मंग तोही थांबला.

देवकाबाई उतारानं खाली येऊन राह्यली होती. कमरेवर कोपर, कोपरात मोटार, मागं अर्धा हात पाइप लटकलेला, त्यातून पाणी ठिबकून राह्यलं होतं. ओल्या रेघेनं तिनं वरच्या घरापासून खालच्या मंडपापर्यंतचा रस्ता काढला. मोटार सतरंजीवर ठेवली आन् रुपेशले म्हणे, "एक कूलर म्हण."

हसण्यानं मंडप हलला. मामा हसले, मधले हसले, रुपेशही माइक बंद कराचं विसरून हसला. बाबाराव नाई हसला. तो उठला. लोकाइले वाटलं, चालला वापस घरी. तो नळापाशी गेला, तोटीकडे वाकून पाह्यलं. सुमित्राबाईचे फेसाचे हात अजून वरच होते. बाबारावानं मान वळवली, आन् या डाव देवकाबाईकडे नाई पाह्यलं.

"सुलोचना," त्यानं म्हटलं, "पाहाय बरं, आलं का?"

इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून तिचं नाव निघालं नव्हतं. सुलोचनानं चिंधी वर केली. धार आली.

"आलं, भाऊजी."

सुमित्राबाईनं हात धुतले. पंगत बसली, पाटवडीचा रस्सा आन् बुंदी. जाताना बंडूजीनं विचारलं, आहेर गाडीत चढवाचा का. सुमित्राबाई म्हणे, "राहू द्या बाप्पा. आमच्या गल्लीत सगळ्याइकडे कूलर हायेत." म्हणून त्या मोटारी आता विहाराच्या खोलीत कुलपात हायेत, किल्ली देवकाबाईच्या कमरेले. नालीतला जोड बदलला. शोषखड्डा बाबारावाच्या मागं खोदला, सगळ्या गल्लीनं मिळून, बाबाराव खुर्ची टाकून बसला होता आन् एकतेवर बोलत होता. सुलोचनाच्या नळाची चिंधी रोज ओली राहते.

आता जाता जाता माह्यं एक काम करजा. तुम्ही वरच्याच रस्त्यानं जासान ना? बाबारावाच्या मोरीपाशी जरासे थांबजा. परवापासून सुलोचनाची धार थोडी बारीक येऊन राह्यली, असं ती म्हणते. आम्ही गेलो का ते वळखतात आन् बंद करतात. तुम्हाले कोणी वळखत नाई. तेवढं कान लावून ऐकजा, आन् मले येऊन खरं सांगजा.